केक फुगला का ते नंतर बघू, आधी पाऊण कपाचं निम्मं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. मे महिन्याच्या सुट्टीत दोघं घरी केक-बिस्किटं करायची म्हणून मागे लागलीत. सासूबाई म्हणतात, नुसता पसारा होणार. यातून गणित-विज्ञान खरंच येतं का, की या बोलायच्या गोष्टी? आणि त्यासाठी ओव्हन घ्यायला हवा का?

मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेत घरीच, सुट्टीत मुलांचे बेकिंगचे वर्ग घेते. ताई, आधी कडू ते सांगते. केक केला म्हणून कुणाचं गणित सुधारत नाही. आईने मोजून दिलं, मुलीने ढवळलं आणि बाबांनी फोटो काढला, तर हाती केक आणि फोटो एवढंच लागतं. मुलीला कृती बदलावी लागते तेव्हा गणित सुरू होतं. आणि तीच कृती एकच गोष्ट बदलून पुन्हा केली जाते, तेव्हा विज्ञान. म्हणून सुट्टीभर रोज नवा पदार्थ नको. एक साधा केक धरा आणि त्याचाच पिच्छा पुरवा.

स्वयंपाकातल्या बाकी कामांपेक्षा बेकिंग वेगळं का, तर आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. पोह्यांत पाणी कमी झालं तर हबका मारता येतो. केकचं भांडं एकदा आत गेलं की आपले हात बांधले. सगळा विचार आधी करावा लागतो आणि निकाल चाळीस मिनिटांनी लागतो. अंदाज, मोजमाप, वाट बघणं, पडताळा हा क्रम मुलांना दुसऱ्या कुठल्या घरकामात इतका स्वच्छ मिळत नाही.

मी ही कृती वापरते: दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि व्हॅनिला. अंडं नाही, त्यामुळे घरात कुणाची हरकत नसते. हे माप आठ इंची गोल भांड्याचं आहे. आता मुलीच्या हातात सहा इंची भांडं द्या आणि गप्प बसा.

बहुतेक मुलं म्हणतात, आठाचे सहा झाले म्हणजे पाऊणपट, सगळं पाऊणपट घेऊ. तसं घेतलं की मिश्रण काठाशी येतं, भाजताना उतू जातं किंवा मधे कच्चं राहतं. मग आलेखाच्या कागदावर दोन्ही भांडी पालथी ठेवून कड आखायची आणि आतले चौकोन मोजायचे. आठ इंचीच्या तुलनेत सहा इंचीत निम्म्याहून थोडेच जास्त चौकोन भरतात. छत्तीस भागिले चौसष्ट, म्हणजे नऊ सोळांश. वर्तुळाचं क्षेत्रफळ तिला पुढे आठवीत भेटेल, पण त्रिज्येचा वर्ग का करायचा हे तिने आत्ताच उतू गेलेल्या केकमध्ये पाहिलेलं असेल. चौकोनी भांडं असेल तर आणखी मजा. सात इंची चौकोन म्हणजे एकोणपन्नास चौरस इंच आणि आठ इंची वर्तुळ म्हणजे पन्नासच्या किंचित वर. आठ इंची गोल केकचं मिश्रण सात इंची चौकोनात बिनधास्त ओतता येतं. हे मुलांना सांगू नका, त्यांनाच सापडू द्या.

मग निम्मं काढणं. दीडचं निम्मं पाऊण, हे पटकन येतं. पाऊण कपाचं निम्मं काढताना मात्र पेन थांबतो. तीन अष्टमांश लिहिलं तरी तीन अष्टमांशाचा कप बाजारात मिळत नाही. एक मुलगी पाव कपाचं माप घेऊन बसली, ते एकदा पूर्ण भरलं, दुसऱ्यांदा अर्धं भरलं आणि म्हणाली, ‘झालं.’ दुसऱ्या मुलाने कपात मोठे चमचे किती बसतात ते मोजलं. सोळा बसले, म्हणून त्याने सहा घेतले. दोघांचं उत्तर एकच. वहीत छेद समान करताना जी मुलं कंटाळतात, ती इथे वाद घालतात. सव्वा चमच्याचं निम्मं मी मुद्दाम शेवटी ठेवते. पाच अष्टमांश चमचा बेकिंग पावडर घ्यायची कशी, हे तुमच्या मुलीला विचारा आणि तिला उत्तर शोधायला हवा तेवढा वेळ द्या.

इथेच सासूबाईंना ओढून आणा. त्यांच्या माहेरी-सासरी धान्य शेर-पायलीने मोजलेलं त्यांनी पाहिलं असेल, निदान ऐकलं असेल. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर. म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश आणि सोळांश ही सगळी उतरंड माळ्यावरच्या पितळी मापांतच आहे. वजन-मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि शेर हळूहळू बाजारातून गेला. निळव्यात किती मिलिलिटर पाणी मावतं ते मुलीने औषधाच्या मापाने मोजावं आणि त्यावरून शेर किती ते काढावं. इतिहास, अपूर्णांक आणि आजी एकाच बैठकीत होतात, आणि पसाऱ्याची तक्रारही आपोआप कमी होते, हा माझा अनुभव.

मापाचं आणखी एक. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर प्रत्येकाने ‘एक कप मैदा’ भरून वजन करायचं. हलक्या हाताने चमच्याने भरलेला कप एकशे वीस ग्रॅमच्या आसपास येतो. डब्यात कप खुपसून दाबून भरला तर दीडशेकडे जातो. कप तोच, मैदा तोच. सरासरी कशासाठी काढतात आणि बेकरीवाले सगळं वजनावर का करतात, याची उत्तरं समोर काट्यावर दिसतात.

आता विज्ञान. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो हळदीवर. आपण सांगलीकर, २०१८ मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मग दर्शक म्हणून, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगायला, लिटमसचा कागद विकत कशाला आणायचा? तीन वाट्यांत हळदीचं पाणी घ्या. एकीत लिंबू पिळा, एकीत चिमूटभर सोडा टाका, एक तशीच ठेवा. सोड्याची वाटी लालसर होते. पिवळ्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तेच इथे घडतं. मग त्या लाल वाटीत लिंबू पिळायला सांगा. फसफसतं आणि रंग परत पिवळा होतो. सोडा आम्लारीधर्मी, लिंबू आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. केक फुगवतो तो हाच वायू.

पुढची पायरी म्हणजे दोन छोट्या वाट्यांत दोन केक. दोन्हींत पाव चमचा हळद आणि सारखाच सोडा. एकात दही, दुसऱ्यात दह्याऐवजी नुसतं पाणी; बेकिंग पावडर कुठेच नाही. भाजून निघाल्यावर दह्याचा केक पिवळा असतो. पाण्याचा केक तांबूस-तपकिरी येतो आणि जिभेला साबणासारखा लागतो. कारण असं की आम्ल नसलं तरी उष्णतेने सोड्यातून वायू सुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. तो धुण्याचा सोडा. आम्ल, आम्लारी, दर्शक, उदासिनीकरण हे शब्द मुलगी आठवीत पाठ करेल, तेव्हा तिच्या जिभेला त्यांची चव आधीच माहीत असेल. एखाद्या मुलाने सोडा नीट मिसळला नसेल तर पिवळ्या केकवर लाल ठिपके उठतात. एकाने घाबरून विचारलं होतं, यात कुंकू पडलं का? प्रश्न अगदी बरोबर होता. हळदीला आम्लारी लावूनच पारंपरिक कुंकू करतात.

जाता जाता, बिस्किटाच्या पुड्यामागे ‘५००(ii)’ आणि ‘५०३(ii)’ हे आकडे शोधायला लावा. पहिला खायचा सोडा, दुसरा अमोनियम बायकार्बोनेट. तिसरीतल्या मुलालाही हा शोध जमतो आणि मग तो दुकानात प्रत्येक पुडा उलटा करतो, त्याची तयारी ठेवा.

पिठाचा धडा भाकरीपासून सुरू करा. ज्वारीची भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते, हे का? गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं चिवट जाळं होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ते नाही, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ चिकट करून घ्यायचं आणि तरीही थापायचं. कणकेचा लिंबाएवढा गोळा वाहत्या नळाखाली नको, पातेल्यातल्या पाण्यात चोळत धुवा. पांढरं पाणी निघतं तो स्टार्च. शेवटी हातात च्युइंगमसारखा तुकडा उरतो तो ताणून बघा. मग तेच ज्वारीच्या पिठाचं करा. हातात काहीच उरत नाही. कृष्णाकाठचा खपली गहू मिळाला तर तोही बघा. त्याचं जाळं कच्चं असतं. एवढं झाल्यावर ‘पोळीची कणीक भरपूर मळायची, केकचं मिश्रण मात्र हलक्या हाताने कालवायचं’ हा नियम न राहता निष्कर्ष होतो. मुलगी रागाने दहा मिनिटं घोटत बसली तर बसू द्या. चिवट केक खाऊन जे कळतं ते माझ्या सांगण्याने कळत नाही.

पाव करायचा असेल तर यीस्ट हा जिवंत जीव आहे, एवढं सांगून सुरुवात करा. किण्वन जिवंत सूक्ष्मजीवांमुळे होतं हे लुई पाश्चरने १८५७ नंतरच्या प्रयोगांतून दाखवलं. सरळ कडांच्या काचेच्या पेल्यात पिठाचा गोळा ठेवा, बाहेरून पट्टी चिकटवा आणि दर दहा मिनिटांनी उंची लिहा. एक पेला ओट्यावर, एक फ्रीजमध्ये. आपल्या मेच्या उकाड्यात ओट्यावरचा पेला भराभर वर येतो, फ्रीजमधला ढिम्म. तिसऱ्या पेल्यात पीठ भिजवायला अगदी कडकडीत पाणी वापरा. तिथे काहीच घडत नाही, कारण साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. या तीन ओळींचा आलेख मुलगी स्वतः काढेल, अक्ष कुठला आणि एकक कुठलं हे न विचारता. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि गोव्यात पीठ फुगवायला ताडी वापरायचे, एवढा इतिहास पेले फुगेपर्यंत सांगून होतो.

मोठ्या मुलांसाठी एक प्रश्न मी राखून ठेवते. ओव्हन एकशे ऐंशी अंशांवर, मग केकच्या पोटात तापमान शंभरच्या वर का जात नाही? आत पाणी आहे तोवर आलेली उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. अप्रकट उष्म्याचा धडा तो हाच. वरचा थर कोरडा पडतो तिथे तापमान चढतं, आणि प्रथिनं व शर्करा मिळून तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार याने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. साताऱ्याचा कंदी पेढा साध्या पेढ्यापेक्षा खरपूस लागतो, कारण खवा भाजताना दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर यांचं हेच चाललेलं असतं. महाबळेश्वरला गेलात तर थर्मामीटर न्या. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर, तिथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, तिथे पंचाण्णव-शहाण्णवला.

भूगोलाला बेदाणा पुरे. केकमध्ये घालायच्या आधी विचारा, हा तासगाव-कवठेमहांकाळकडेच का होतो, कोयनेच्या खोऱ्यात का नाही? सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि जतकडे पाचशे-सहाशे. पर्जन्यछाया म्हणून जी व्याख्या पाठ करतात ती ही. कोरडी हवा आहे म्हणून शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं पंधरवड्यात सुकतात. ती आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सैल होऊन पाणी लवकर निघतं. पुन्हा आम्लारीच, हे मुलगी स्वतःच बोलून दाखवेल. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. द्राक्षात ऐंशी टक्के पाणी धरलं तर बेदाण्यात किती उरलं, हे शेकडेवारीचं गणित तिला घाला. बेदाणे तळाशी बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवतात, तेही एकदा घोळवून आणि एकदा न घोळवता करून बघा.

भाषेसाठी एकच खेळ आहे, पण जोरदार. मुलीने कृती लिहायची आणि मुलाने ती शब्दशः करायची, मधे कुणी बोलायचं नाही. ‘मैदा चाळा’ लिहिलं आणि कशात चाळायचा ते लिहिलं नाही, की मुलगा ओट्यावर चाळतो. ‘थोडं दूध’ वाचून तो पेला ओततो. दुसऱ्या खर्ड्यात कृती दुप्पट लांब होते, क्रम बरोबर लागतो आणि ‘सुई खुपसून बघावी, कोरडी निघाली तर आच बंद करावी’ अशी वाक्यं येतात. निबंधाच्या वहीत इतकी नेमकी मराठी मी फार कमी वेळा तपासली.

हिशेबही करायला लावा. पुड्यावरच्या किमतीवरून लागलेल्या ग्रॅमांची किंमत काढायची, गॅस किंवा वीज धरायची आणि मग विक्री किंमत ठरवायची. ‘माझी मजुरी किती धरू?’ हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि नफा-तोट्याच्या उदाहरणांत तो कधीच नसतो. ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, असेल तर त्याच्यावर वॉट लिहिलेले असतात. पंधराशे वॉट चाळीस मिनिटं म्हणजे एक युनिट, असं उत्तर येईल. मग फ्रीज-पंखे बंद ठेवून मीटर बघायला पाठवा. त्यावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. मोजलेली वीज हिशेबापेक्षा कमी भरते, कारण तापमान गाठलं की ओटीजीचा तापक अधूनमधून बंद होतो. हे कारण मुलीला ओटीजीवरच्या छोट्या दिव्याकडे बघत बसलं की सापडतं.

कलेबद्दल मला विचाराल तर क्रीमची फुलं काढणं ही छान करमणूक आहे, त्यापलीकडे मी तिला फार भाव देत नाही. उलट आयसिंगवर वेळ आणि साखर दोन्ही जास्त जातात, आणि मुलं बाकी सगळं विसरतात. नुसता केक करा. साखरेची काळजी वाटते तर सहा इंचीच करा आणि आठवड्यात एकदाच.

तिसरीतल्या मुलाला चाळणं, काट्यावरचा आकडा वाचणं, घड्याळ लावून किती वाजता काढायचा ते सांगणं ही कामं द्या. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ठेवला आणि चाळीस मिनिटं लागणार, तर कधी? तासाची हद्द ओलांडणारी वेळ त्याला अजून अडखळवेल, म्हणून ती मुद्दाम साधा. आचेजवळ मात्र त्याला नेऊ नका. मुलीलाही तापलेलं भांडं काढू देऊ नका, ते काम तुमचं. कच्चं मिश्रण चाटायला दोघांनाही मनाई. कच्चा मैदाही पोटाला बरा नाही.

आता ओव्हन. या सुट्टीत घेऊ नका. जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा घट्ट झाकणाची कढई घ्या, तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर कडं, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा आणि मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायची, आणि तो रोजचा कुकर नको. मीठ परत परत वापरता येतं, फक्त खायला नाही. इथेही शिकण्यासारखं आहेच: मिठातून कड्यावाटे भांड्यात येणारी उष्णता वहनाने, आतली गरम हवा फिरते ते अभिसरण, आणि तापलेल्या भिंतींकडून येतं ते प्रारण. सासूबाईंना विचारा, दिवाळीआधी रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायला कोण रांगेत बसायचं. बहुतेक घरांत ती आठवण असते, आणि भट्टी विझल्यावरही तापलेली का राहायची हे मुलं स्वतःहून विचारतात.

दिवाळीतही मुलं स्वतःहून करायला लागली असतील, तर मग साधा ओटीजी घ्या. काचेतून केक चढताना दिसतो आणि मुलांना तेवढंच हवं असतं. सोबत आत ठेवायचा स्वस्त थर्मामीटर घ्या, कारण बटणावरचं तापमान आणि आतलं तापमान सहसा जुळत नाही. वीस-बावीस लिटरचा पुरतो. आठ इंची भांडं त्यात सहज बसतं.